महिमा होता लोकांचा

राजाचा अपमान हा गुन्हा ज्या कायद्यातून जन्मला, तो कायदा राजासाठी केलेलाच नव्हता. तो झाला तेव्हा त्या देशात, म्हणजे प्राचीन रोममध्ये, राजा नव्हता; शेवटच्या राजाला हाकलून चारशे वर्षं होऊन गेली होती. इतिहास शिकवताना ज्या गोष्टींनी मला आतून हलवलं, त्यांत ही एक. आमच्या खान्देशातल्या पोरांना ती सांगायलाच हवी, असं मला फार तीव्रतेने वाटतं.

आज हा गुन्हा जगभर फ्रेंच नावाने ओळखला जातो: 'लेझ माजेस्ते'. थायलंडच्या बातम्या वाचणाऱ्यांच्या तो नजरेखालून गेला असेल. तिथल्या दंडसंहितेच्या 112 व्या कलमाखाली राजा, राणी किंवा युवराज यांची बदनामी केल्याचं सिद्ध झालं, तर एकेका आरोपासाठी 3 ते 15 वर्षांची कैद आहे. शब्द फ्रेंच असला तरी मूळ लॅटिन. लॅटिनमध्ये 'लाएसा मायेस्तास', म्हणजे दुखावलेला महिमा. 'महिमा' हा शब्द मी सोयीसाठी घेतलेला नाही. 'मायेस्तास' ज्या प्राचीन मुळातून निघाला, त्याच मुळातून आपले महत्, महा आणि महिमा आले. धुळ्यात अखेरचे दिवस काढलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांनी शब्दाच्या मुळापर्यंत खणत जायचं वेड आमच्या भागाला लावून ठेवलंय, तेव्हा एवढं खणणं आलंच.

आता हा महिमा कुणाचा? रोमन लोकांच्या कायद्यात त्याचं पूर्ण नाव होतं 'रोमन जनतेचा महिमा'. म्हणजे सगळ्या प्रजेचा.

इसवी सनापूर्वी 105 मध्ये आजच्या दक्षिण फ्रान्समध्ये, ऱ्होन नदीकाठी, अराउसियो नावाच्या ठिकाणी रोमचं फार मोठं सैन्य कापलं गेलं. प्राचीन लेखकांनी पडलेल्या सैनिकांचा आकडा 80,000 दिलाय. कारण काय, तर दोन सेनापतींचं पटत नव्हतं. एक खानदानी, दुसरा साध्या घरातून वर आलेला. खानदानी सेनापतीने दुसऱ्याच्या हाताखाली जायचं तर सोडाच, त्याच्या छावणीला छावणी लावायलाही नकार दिला. शत्रूने दोघांना वेगवेगळं गाठलं आणि संपवलं. त्यानंतर दोन-एक वर्षांत, इसवी सनापूर्वी 103 च्या सुमारास, सातुर्निनुस नावाच्या ट्रिब्यूनने, म्हणजे सामान्य लोकांनी निवडलेल्या त्यांच्या प्रतिनिधीने, एक कायदा आणला: रोमन जनतेचा महिमा जो कमी करेल, त्याच्यावर खटला. या कायद्याच्या तोंडी कोण येणार होतं, ते लक्षात घ्या. लोकांनी दिलेल्या अधिकाराचा ज्याने चुथडा केला तो सेनापती आणि तो अधिकारी. आरोपीच्या जागी सत्ताधारी उभा होता आणि ज्यांचा अपमान झाला ते लोक होते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बाहेर ओट्यावर येऊन बसलो होतो. आपण सगळे या गुन्ह्याकडे उलट्या बाजूने बघत आलोय, आणि उलटं बघायची सवय कुणीतरी लावली म्हणून बघत आलोय.

ती लावली रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने. त्याने प्रजासत्ताक मोडलं, पण मोडलं असं तोंडाने कधी म्हटलं नाही. ट्रिब्यूनचे अधिकार त्याने स्वतःकडे घेतले, सेना घेतली, प्रांत घेतले, नावं सगळी जुनीच ठेवली. मग लोकांचा महिमाही हळूच एका डोक्यावर जाऊन बसला. आधी या कायद्यात कृती मोजली जाई. ऑगस्टसच्या काळी कास्सियुस सेवेरुस नावाच्या वक्त्याने प्रतिष्ठित लोकांची बदनामी करणारं लिहिलं, आणि त्या निमित्ताने पहिल्यांदा लिहिलेला शब्द या कायद्याखाली आला. दार एवढं किलकिलं झालं आणि पुढच्या माणसाने ते सताड उघडलं.

पुढचा माणूस म्हणजे तिबेरियुस. गंमत बघा, सुरुवातीला तो समंजस होता. कुणीतरी दिवंगत ऑगस्टसच्या नावाची खोटी शपथ घेतली अशी तक्रार आली, कारण ऑगस्टसला आता देव मानलं होतं. तिबेरियुस म्हणाला, देवांचे अपमान देवांनी बघून घ्यावेत. इतकं शहाणं वाक्य बोलणाऱ्या माणसाच्या राज्यात पुढे अशी वेळ आली, की ऑगस्टसच्या पुतळ्याजवळ गुलामाला मारलं, किंवा त्याची छबी असलेलं नाणं घेऊन कुणी संडासाला गेला, तर तोही गुन्हा धरला जाई, असं चरित्रकार सुएतोनियुस लिहितो.

हे घडलं कसं? माझ्या मते सगळी किल्ली एका तरतुदीत आहे. रोममध्ये सरकारी वकील नसे. कुणीही कुणावरही खटला भरावा. आणि या गुन्ह्यात आरोपी दोषी ठरला, तर त्याच्या मालमत्तेचा चौथा हिस्सा फिर्याद करणाऱ्याला. बस्स! शेजाऱ्याच्या शेतावर डोळा असलेल्या प्रत्येकाला सम्राटाचा अपमान ऐकू यायला लागला. जेवणाच्या पंक्तीत कोण काय बोललं, दारूच्या नशेत कोण कुणावर हसलं, हे मनात टिपून ठेवणाऱ्यांची एक जमातच तयार झाली. राजाला स्वतःला काही वाटो न वाटो, त्याच्या वतीने दुखावले जाणारे पैशाला पासरी मिळतात. आणि अशा कायद्याला राजापेक्षा त्यांचीच गरज जास्त असते.

क्रेमुतियुस कोर्दुसची गोष्ट मी जरा सविस्तर सांगतो, कारण ती मला फार जवळची आहे. हा इतिहासकार होता. इसवी सन 25 मध्ये त्याच्यावर खटला झाला. त्याने लिहिलेल्या इतिहासात ब्रूटसची स्तुती होती आणि कास्सियुसला त्याने 'शेवटचा रोमन' म्हटलं होतं. ज्यांनी सीझरला मारलं ते हे दोघे, आणि मरून साठ-पासष्ट वर्षं लोटलेले. सम्राटाबद्दल वावगा शब्द नव्हता. पण मेलेल्यांची स्तुती ही जिवंताची निंदा ठरली. सिनेटपुढे तो बोलला, घरी गेला, आणि त्याने अन्न सोडून प्राण सोडले. पुस्तकं जाळायचा हुकूम निघाला.

त्याची मुलगी होती मार्किया. तिने बापाच्या पुस्तकाच्या प्रती लपवल्या. तिबेरियुस मेला, दुसरा सम्राट आला, तेव्हा तिने त्या बाहेर काढल्या आणि त्याच्या परवानगीने पुस्तक पुन्हा लोकांत आलं. राजाच्या अपमानाचा इतिहास लिहिणारे लोक बहुतेक सम्राटांची नावं लिहितात. मला वाटतं, मार्कियाचं नाव आधी लिहावं.

आपल्याकडे असं काही नव्हतं, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. याज्ञवल्क्य स्मृतीत स्पष्ट सांगितलंय: राजाला अनिष्ट असेल ते बोलणारा, त्याची निंदा करणारा आणि त्याची मसलत फोडणारा, यांची जीभ छाटून त्यांना देशाबाहेर घालवावं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही राजाला शिव्याशाप देणाऱ्याला जीभ उपटायचीच शिक्षा आहे. इथे लोकांच्या महिम्याचा प्रश्नच नव्हता, सरळ राजाच होता. 'राजाने मारलं, पावसाने झोडपलं, तर दाद कुणाकडे मागायची' ही म्हण काही उगाच पडलेली नाही. आणि आमच्या कोरडवाहू मुलखात या म्हणीतली दोन्ही अर्धकं लोकांनी पाठीवर सोसलीत.

तरीपण लोकांनी बोलायला वाटा काढल्या होत्या. शिमग्याच्या दिवशी आमच्या गावात पाटलाच्या वाड्यापुढे उभं राहून त्याच्याच नावाने बोंब मारायची मुभा होती, असं जुनी माणसं सांगत. पाटील तेवढ्यापुरता दार लावून आत बसे. रोममध्येही विजयी सेनापतीची मिरवणूक निघे तेव्हा त्याचेच सैनिक त्याच्यावर गाणी रचून गात. इसवी सनापूर्वी 46 मध्ये सीझर विजयरथात उभा होता आणि मागून त्याचे शिपाई गात होते, नगरवासीयांनो, बायका सांभाळा, टकल्या व्यभिचाऱ्याला घेऊन आलोय आम्ही! त्याबद्दल कुणाचं मुंडकं उडालं नाही. मिरवणुकीतला तो मोकळेपणा पुढच्या शंभर वर्षांत कुठे गेला, हे तिबेरियुसच्या काळातल्या त्या नाण्याच्या गोष्टीवरून कळतंच.

आता थाळनेर.

शिरपूर तालुक्यात तापीच्या उत्तर काठावर थाळनेरचा पडका किल्ला आहे. फारुकी सुलतानांच्या कबरी तिथे आहेत. खान्देशच्या या राजघराण्याची पहिली राजधानी हीच. मी शाळेतल्या मुलांना तिथे घेऊन जातो. किल्ला म्हणावा असं फारसं उरलेलं नाही. मातीचा उंच कडा, मधूनमधून विटा-दगडांचं बांधकाम, बाभळी, आणि खाली वळण घेत गेलेलं तापीचं पात्र. कड्यावर उभं राहिलं की पावसाने उकरलेल्या मातीत जुन्या खापऱ्या पायाला लागतात. मुलं त्या खिशात भरतात, मी परत ठेवायला लावतो.

1818 च्या 6 जानेवारीला मंदसौरला होळकरांनी इंग्रजांशी तह केला आणि सातपुड्याच्या दक्षिणेकडचा आपला मुलूख देऊन टाकला. त्यात थाळनेर आलं. 27 फेब्रुवारीला सर थॉमस हिस्लॉप फौज घेऊन किल्ल्यापुढे उभा राहिला. किल्लेदार होता तुळशीराम मामा. त्याला बजावलं गेलं, की किल्ला दिला नाहीस तर तुला बंडखोर समजू. तोफा चालल्या, बोलणी लागली, दरवाज्यात गोंधळ उडाला, इंग्रजांचे दोन अधिकारी पडले, आणि मग आतली शिबंदी कापून काढली गेली. त्याच दिवशी किल्लेदाराला फाशी दिलं. या फाशीवरून पुढे खुद्द लंडनच्या पार्लमेंटातही प्रश्न उठले.

मी मुलांना तिथेच कड्यावर उभं करून विचारतो, तुळशीराम मामाने बंड कुणाविरुद्ध केलं? ज्याचं मीठ खाल्लं त्या धन्याचा किल्ला तो राखत होता. नवा धनी झाला त्याला जेमतेम सात आठवडे झाले होते, तोही दूर माळव्यात एका कागदावर. ज्या सत्तेशी त्याचं कसलं नातंच जुळलं नव्हतं, तिच्याशी त्याने बेइमानी केली असं ठरलं. पुढे कितीतरी वर्षं सातपुड्यातल्या भिल्लांच्या वाट्यालाही हेच आलं. ज्यांचं रान, त्यांनाच बंडखोर म्हटलं गेलं.

इंग्रजांनी ही गोष्ट पुढे कायद्याच्या कलमात बसवली. मेकॉलेच्या 1837 च्या मसुद्यात ते कलम होतं, 1860 च्या दंडसंहितेत राहून गेलं, 1870 मध्ये पुन्हा घातलं गेलं: कलम 124 अ. मराठीत आपण त्याला राजद्रोह म्हणतो, पण द्रोहासाठी काही करावंच लागे असं नाही. सरकारबद्दल 'अप्रीती' उत्पन्न करायचा यत्न पुरे होता. 1897 मध्ये टिळकांच्या पहिल्या खटल्यात न्यायमूर्ती स्ट्रॅची यांनी ज्यूरीला समजावून सांगितलं, की अप्रीती म्हणजे प्रीतीचा अभाव, मग तो तिरस्कार असो, वैर असो की नुसती नावड. म्हणजे रयतेने सरकारवर प्रेम करायचं. तिबेरियुसलाही हे सुचलं नव्हतं! त्याला लोकांचं गप्प राहणं पुरे होतं. इथे मन मागितलं जात होतं. टिळकांना दीड वर्षाची शिक्षा झाली आणि पुढच्याच वर्षी दुरुस्ती करून कलमात द्वेष आणि तुच्छताही घातली गेली.

1908 मध्ये 'केसरी'तल्या लेखांवरून दुसरा खटला. टिळक स्वतः एकवीस तासांच्या वर बोलले. लेखांच्या इंग्रजी भाषांतरात मूळ मराठीला नसलेली धार आणलीय, हे ते शब्दाशब्दाने दाखवत होते. ज्यूरीत सात युरोपियन, दोन पारशी. सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. न्यायमूर्ती दिनशा दावर यांनी सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा दिली. अकरा वर्षांपूर्वी टिळकांच्या जामिनासाठी वकील म्हणून उभे राहिलेले हेच दावर. पुढे 1922 मध्ये अहमदाबादच्या कोर्टात गांधीजींनी याच कलमाखाली आरोप कबूल केला आणि सांगितलं, की प्रेम कायद्याने पैदा करता येत नाही. त्यांनाही सहा वर्षं झाली. या दोन माणसांच्या बोलण्यात केवढं अंतर, एक शब्द न् शब्द लढवणारा आणि दुसरा शस्त्रच खाली ठेवणारा. पण दोघांनाही शिक्षा तेवढीच. अमळनेरच्या शाळेत ही तारीखवार माहिती सगळ्यांनाच घोकावी लागते. त्यातला 'प्रेमाची सक्ती' हा भाग मात्र कुणी उलगडून सांगत नाही.

अमळनेरचं नाव निघालं की साने गुरुजी आलेच. प्रताप हायस्कूलच्या वसतिगृहात ते मुलांसाठी हाताने लिहून 'छात्रालय' दैनिक काढत. नोकरी सोडली, 1930 मध्ये तुरुंगात गेले. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत, ते उतरवून घेणारे गुरुजीच. ज्या सरकारने प्रेमाची सक्ती केली होती, त्याच्याच तुरुंगात बसून ही माणसं कुणाचाही द्वेष न करता निर्भय कसं व्हावं याचा विचार करत होती. 1935 मध्ये त्यांचा 'पत्री' हा कवितासंग्रह आला. देशावर जीव टाकणाऱ्या कविता. सरकारने प्रती जप्त केल्या.

आमच्या घरी एक वही आहे. आजोबांची. सुताने शिवलेली, पुठ्ठ्यावर खाकी कागद, आत बोरूने उतरवलेली गाणी. काही पानांवर शाई फुटलीय, काही ओळी निराळ्या हस्ताक्षरात आहेत, म्हणजे वही हातोहात फिरली असणार. 1936 च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं पहिलं खेड्यातलं अधिवेशन भरलं तेव्हा आजोबा तिथे गेले होते, आणि वहीतली बरीच गाणी तिथून आल्यावरची. वही धाब्याच्या घरात गव्हाच्या कणगीत, तळाशी असायची. ती तिथे ठेवली आमच्या मोठ्या मायने, म्हणजे आजीने. तिला अक्षरओळख नव्हती. वहीत काय आहे हे विचारायच्या आधीच तिने ठरवलं होतं, की हे पोलिसपाटलाच्या नजरेला पडायला नको. आजोबा गाणं म्हणायला लागले की ती चुलीपाशी बसून दबक्या आवाजात म्हणायची, "भिंतीस्ले बी कान ऱ्हातस." आणि तरी पुढची ओळ आजोबा चुकले तर तीच सांगायची, कारण तिला सगळी गाणी ऐकून पाठ होती.

मार्कियाची गोष्ट वाचताना मला त्या कणगीतल्या गव्हाचा वास येतो.

राज्य बदललं, कलम राहिलं. 1962 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केदारनाथ सिंह खटल्यात त्याला आवर घातला; हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक शांतता बिघडवण्याचा रोख असेल तरच गुन्हा, नुसत्या टीकेचा नाही. 11 मे 2022 ला न्यायालयाने त्याचा वापर थांबवायला सांगितलं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि 'राजद्रोह' हा शब्द गेला. त्या जागी 152 वं कलम आहे, देशाचं सार्वभौमत्व, एकता आणि अखंडता धोक्यात आणण्याबद्दलचं, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. देशाची अखंडता राखायलाच हवी, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण संविधानाच्या पहिल्याच ओळीत सार्वभौमत्व 'आम्ही भारताचे लोक' यांचं आहे. ते दुखावतं तेव्हा ते लोकांचं दुखावतं. ते कुणा पदावर बसलेल्या माणसाच्या मानापमानाशी जोडलं गेलं, की ऑगस्टसने केलं तेच पुन्हा होतं. म्हणून या कलमाखाली कुणावर गुन्हा दाखल झाल्याची बातमी आली, की मी आधी तो माणूस नेमकं काय बोलला ते शोधून वाचतो. ही सवय मी मुलांनाही लावतोय.

मागे दहावीच्या वर्गात हे सगळं सांगून झाल्यावर मागच्या बाकावरचा एक मुलगा उठला. त्याच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो आणि टँकरच्या खेपा कागदावर जास्त, गावात कमी, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. तो म्हणाला, "सर, मग तो पहिला कायदा आता असता, तर खेपा खाणाऱ्यावर लागला असता का?"

मी त्याला गाबिनियुसची गोष्ट सांगितली. गाबिनियुस सीरियाचा सुभेदार होता. स्वतःचा प्रांत सोडून फौजेसह बाहेर जायला त्याला कायद्याने बंदी होती. इजिप्तच्या पदच्युत राजाने प्रचंड रक्कम कबूल केली, तेव्हा हा फौज घेऊन गेला आणि त्याला गादीवर बसवून आला. इसवी सनापूर्वी 54 मध्ये रोमला परतल्यावर त्याच्यावर खटला भरला गेला: रोमन जनतेचा महिमा कमी केल्याचा.

"शिक्षा झाली?" मुलाने विचारलं.

त्या खटल्यात थोडक्या मतांनी सुटला, आणि लोक भयंकर चिडले. मग त्याच्यावर दुसरा खटला उभा राहिला, पैसे खाल्ल्याचा. त्यात दोषी ठरला आणि त्याला देश सोडावा लागला.

मुलगा खाली बसला आणि वहीत लिहायला लागला. तास संपल्यावर त्याने मला ते दाखवलं. ग्रामसभेत विचारायचे प्रश्न होते, टँकरच्या नोंदवहीपासून सुरुवात केलेली. पहिल्या प्रश्नात त्याने 'कृपया' लिहून खोडलं होतं. मी त्याला ते परत लिहायला सांगितलं, आणि प्रश्न मात्र तसाच ठेवायला सांगितला.